भाऊंची खतावणी

आमच्या वडिलांना आम्ही भावंडे 'भाऊ' म्हणत असू आणि आईला 'बाई'. पुढे सारी पेठच त्यांना भाऊ म्हणू लागली. पाथर्डीच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. 1956 च्या दिवाळीत वहीपूजन करून त्यांनी ते सुरू केले आणि 2004 साली शेवटच्या आजारपणात ते बंद झाले. अठ्ठेचाळीस वर्षे! सामायिकाची जेवढी मिनिटे, तेवढीच दुकानाची वर्षे, असे बाई म्हणत.

भाऊंविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. बँकेत अडतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, टिपणे आणि अहवाल शेकड्यांनी लिहिले. परंतु वडिलांविषयी लिहिण्यास बसलो की लेखणी एका संध्याकाळपाशी येऊन थांबत असे. आज त्या संध्याकाळीविषयीही लिहिणार आहे.

आजोबा गेले तेव्हा भाऊ अकरा वर्षांचे होते. मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण झाले होते. त्यांना तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आडते बाजारातील एका पेढीवर कामास ठेवण्यात आले. दिवसा दुकान झाडायचे, पोती मोजायची, उगराणीच्या चिठ्ठ्या पोहोचवायच्या आणि रात्री गोण्यांच्या थप्पीवर झोपायचे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ते तेथेच पक्के शिकले. पुढे मी एम. कॉम. झालो, हिशेबाचे यंत्र वापरू लागलो, तरी माझे बोट यंत्रावरून उठण्यापूर्वी भाऊंच्या तोंडून उत्तर आलेले असे.

चौदा वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर काढून, गाठीला थोडे भांडवल जमवून ते पाथर्डीला परतले. दुकान लहानच होते. पुढे गल्ला आणि तागडी, मागे गूळ, साखर, डाळी, मीठ आणि मिरची. साखरेचे पोते तेव्हा शंभर किलोचे येई. हमाल एका बाजूने धरी, दुसऱ्या बाजूने भाऊ स्वतः. हमाल न आल्यास एकटेच ते पोते पाठीवर घेऊन पायऱ्या चढत. हिवाळ्यात सुतळीने त्यांची बोटे चिरत. रात्री बाई त्या भेगांवर कोमट तूप लावीत. आजही हिंगाचा आणि गुळाचा वास एकत्र आला की मला त्यांचे हात आठवतात.

पहाटे साडेचारला त्यांचा दिवस सुरू होई. स्थानकात जाऊन सामायिक, नवकारसी पाळून दूध आणि लगेच दुकानाच्या फळ्या उघडलेल्या. दुपारी घरी येऊन घाईने जेवण आणि पुन्हा गल्ल्यावर. संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी बाई दुकानात डबा पाठवीत. मागच्या बाजूस गोण्यांच्या आडोशाला बसून दहा मिनिटांत ते जेवण उरकीत, पाणी पीत आणि नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. दिवाळीच्या गर्दीत किंवा मढीच्या यात्रेच्या दिवसांत, केव्हाही त्यांचा चौविहार चुकला नाही. एखाद्या दिवशी डबा उशिरा आला, तर तो तसाच परत जाई. त्यावरून त्यांनी घरात कधी शब्द काढला नाही. व्रत आपले आहे, त्याचा जाच दुसऱ्याला होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे असे.

शेर-पायली जाऊन किलो आले तेव्हाची एक गोष्ट बाई सांगत. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायाबापड्यांना नव्या मापाचा हिशेब कळेना. भाऊ प्रत्येकीला आधी जुन्या मापाने भाव बोलून दाखवीत, मग नव्या मापाने आणि मगच तागडी उचलीत. त्यात वेळ जाई, गिऱ्हाईक खोळंबे. शेजारचे दुकानदार हसत. परंतु ज्यांनी त्या दिवसांत त्यांच्याकडून पावशेराचे पाव किलो समजून घेतले, त्यांची नातवंडेदेखील पुढे त्याच दुकानाची पायरी चढली.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागात विहिरी आटल्या, जनावरे दावणीवरून सुटली. रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर माणसे खडी फोडीत. रेशनवर परदेशी तांबडी मिलो मिळे आणि कामांवर सुकडी. मजुरी हातात पडण्यास उशीर होई, पोट मात्र थांबत नसे. दिवेलागणीला हातांना चिंध्या बांधलेल्या बाया दुकानासमोर उभ्या राहात. त्याच सुमारास एका ओळखीच्या व्यापाऱ्याने भाऊंना सल्ला दिला की, डाळींची पोती सहा महिने कोंडून ठेवा, भाव कुठल्या कुठे जातील. मी गल्ल्याशेजारी बसलो होतो. भाऊ त्यांना म्हणाले, "फायदा होईल हे खरं आहे. पण या बायांसमोर रोज सकाळी दुकान कोणत्या तोंडानं उघडू?" त्या वर्षी आमच्या घरातही दोन वेळा भाकरी आणि एकाच वेळेस डाळ होती.

पाथर्डी तालुक्यातील उधारीचे चक्र समजल्याशिवाय भाऊंचा धंदा समजणार नाही. आमच्याकडील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या हाती रोख पैसा नसतो. दसऱ्याच्या मागेपुढे मुकादमाकडून उचल मिळते. तिच्यातून दुकानदाराची उधारी फेडायची, बैलगाडी जोडायची आणि प्रवरा-गोदावरीच्या काठच्या कारखान्यांवर निघायचे. पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. म्हणजे आषाढापासून आश्विनापर्यंत ही कुटुंबे दुकानदाराच्या विश्वासावर जेवतात. कागद नाही, तारण नाही, जामीन नाही. भाऊंच्या तांबड्या वहीत नाव, गाव आणि रक्कम एवढीच नोंद. मुकादमाने उचल कमी दिली किंवा एखाद्या घरी आजारपण निघाले, की बाकी पुढल्या वर्षावर जाई. भाऊ पुढल्या वर्षीही माल देत. बाकी राहिली म्हणून कोणाच्या दारात जाऊन त्यांनी भांडे उचलल्याचे मला आठवत नाही.

मी 1982 साली एम. कॉम. झालो. निकालाच्या दिवशी भाऊंनी एकदाच विचारले, "दुकानात बसशील की नोकरी बघशील?" मी नोकरी म्हणालो. "मग चांगली कर," एवढेच ते बोलले. मला दोन बहिणी, भाऊ नाही. माझ्या त्या एका शब्दाने दुकानाचा वारस गेला, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. त्या वेळी ते पन्नाशीत होते आणि साखरेची पोती पुढेही कित्येक वर्षे त्यांनाच उचलायची होती. त्याच वर्षी मी बँकेत लागलो आणि पाच वर्षांत अधिकारी झालो.

आता ती संध्याकाळ. 1987 चा ऑक्टोबर महिना. मी नगर शहरातील शाखेत होतो आणि जवळच एका खोलीत राहात होतो. भाऊ खरेदीसाठी दर आठवड्याला एस. टी.ने नगरला येत. परंतु बँकेत कधी येत नसत. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ते दारात उभे दिसले. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत बाईंनी दिलेला डबा होता. "दोघांनी दिवस असताना जेवून घ्या," असा निरोप होता. डब्याखाली तांबडी वही होती.

त्यांना वीस हजार रुपये हवे होते. पावसाने ओढ दिली होती, मुकादमांकडून उचल आली नव्हती, उधारी वहीत अडकली होती आणि आडत्याने दिवाळीचा माल रोखीशिवाय देण्यास नकार दिला होता. "तुझ्या बँकेत काही होतं का, बघ," असे म्हणून त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली.

नातेवाइकांच्या कर्जप्रकरणात मला हात घालता येत नव्हता. तो नियम योग्यच होता आणि तेवढे सांगून मला थांबता आले असते. मी थांबलो नाही. वही उघडून पाने चाळली आणि वडिलांना धडा द्यावा तसे बोलू लागलो. भाऊ, ही येणी इतकी जुनी आहेत की बँक ती धरणारच नाही. नफ्याचे प्रमाण फार थोडे आहे. यांतल्या एकाचीही सही नाही. हा व्यवहार बँकेच्या कसोटीला उतरत नाही. शेजारच्या टेबलावरील सहकारी ऐकत होते आणि खोटे कशास सांगू, ते ऐकत आहेत याचे मला थोडे बरेही वाटत होते.

भाऊंनी शांतपणे सारे ऐकले. मग विचारले, "म्हणजे ही माणसं कागदावर नाहीत, म्हणून त्यांना पत नाही, असंच ना?"

"बँकेच्या दृष्टीनं नाही," मी म्हणालो.

"बरोबर आहे. नियम तो नियम," असे म्हणून त्यांनी वही पिशवीत ठेवली.

पाथर्डीतीलच एखाद्या शाखेत रीतसर अर्ज कसा करावा, कोणते कागद जोडावेत, मालसाठा तारण ठेवून छोट्या दुकानदाराला काय मिळू शकते, हे मी त्यांना अर्ध्या तासात समजावून सांगू शकलो असतो. दारात आलेल्या अनोळखी ग्राहकाला मी ते रोज सांगत असे. वडिलांना सांगितले नाही.

"जरा बसा, काम आटोपतो, मग खोलीवर जाऊन जेवू," असे त्यांना म्हणालो. ते ग्राहकांच्या बाकावर बसले. त्या काळी सारे हिशेब हाताने होत. त्या दिवशी डे-बुक जुळेना. काही रुपयांचा फरक होता. लेजरची पाने उलटता उलटता माझे घड्याळाकडे लक्ष राहिले नाही. फरक सापडला तेव्हा शिपाई दिवे लावीत होता. मी बाहेर आलो. भाऊ त्याच बाकावर, डबा मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीबाहेर अंधार पडला होता.

तीन तासांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. एकट्याने जेवून घेणेही त्यांच्या मनात आले नव्हते. बाईंनी "दोघांनी" असे सांगितले होते. डबा माझ्या हाती देऊन ते म्हणाले, "तू जेव. मला शेवटची गाडी गाठायची आहे, उद्या बाजारचा दिवस." पाणीही न पिता ते स्थानकाकडे चालू लागले. त्यांना पोहोचवून मी खोलीवर आलो आणि भूक लागली होती म्हणून जेवलो. पोळ्या आणि गट्ट्याची भाजी होती. दोघांना पुरेल एवढी.

त्यानंतर दिवाळीला घरी गेलो तेव्हा दुकान मालाने भरलेले होते. पैसे कोठून आले, हे मी विचारले नाही. बाईंचे हात मोकळे दिसले. पाटल्या कोठे आहेत असे विचारता, "झिजल्या होत्या, करायला टाकल्या," असे त्या म्हणाल्या आणि मी ते खरे मानले.

पुढे दरवर्षी संवत्सरी येत राहिली. प्रतिक्रमण झाले की मी भाऊंच्या पाया पडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत असे. बदलीच्या गावी असलो तर छापील पत्र, नंतर दूरध्वनी. जे सर्वांना म्हणायचे तेच त्यांनाही. त्या बाकावरील संध्याकाळीचे नाव मी सोळा वर्षे घेतले नाही.

2003 च्या संवत्सरीला भाऊंची प्रकृती बरी नव्हती. मी पाथर्डीला गेलो होतो. प्रतिक्रमणानंतर त्यांच्याजवळ बसलो आणि प्रथमच म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी बँकेत मी तुम्हाला उपाशी ठेवलं. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं." ते थोडा वेळ आठवू लागले. मग चक्क हसले. "तो दिवस होय! त्या रात्री आमची गाडी करंजीच्या घाटात बंद पडली. सगळे उतरून ढकलत होते. मीही ढकलली. पोट रिकामं होतं म्हणून बरं झालं." आणि घाटात कोण कसे ढकलत होते, ड्रायव्हर काय ओरडत होता, हे रंगवून सांगू लागले. माझ्या मनातील सोळा वर्षांच्या शल्याचा त्यांच्या आठवणीत मागमूसही नव्हता.

पुढल्या वर्षी भाऊ गेले. दुकान रिकामे करण्याचे काम माझ्याकडे आले. माळ्यावर सर्व वर्षांच्या वह्या कापडात बांधून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण. 1987 सालची वही काढून मी खाली बसलो. भाऊंच्या त्याच वहीकडे मी दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाचली नव्हती.

नगरच्या त्या दिवसानंतर दोन दिवसांनी खतावणीत एक नवे पान सुरू झाले होते, आईच्या नावाचे. 'जमा, पाटल्या चार, वजन सहा तोळे,' आणि पुढे मोडीतून आलेली रक्कम. त्याखाली चार वर्षे परतफेडीच्या नोंदी. कधी तीनशे, कधी दोनशे, एखाद्या दिवाळीला हजार. 1991 साली शेवटची नोंद होती, 'पाटल्या नवीन, सहा तोळे,' आणि खाते बंद केल्याची रेघ. मधल्या काळात सोन्याचा भाव चढला होता. घेतली तेवढी रक्कम परत करून भाऊ मोकळे झाले नव्हते. घेतले तेवढे वजन परत केले होते आणि भावातील फरक दुकानाच्या खर्चात टाकला होता. पत्नीचे सोने मोडले तर ते तिचे कर्ज आहे, हे शिकवणारा धडा माझ्या एम. कॉम.च्या पुस्तकांत नव्हता.

मग मी उधारीची पाने काढली. बँकेच्या सवयीने कागद घेऊन एकेक नाव पुढच्या वह्यांतून शोधीत गेलो. त्या आश्विनात अडतीस कुटुंबांची बाकी होती. त्यांपैकी चौतीस जणांची पुढील दोन दिवाळ्यांत पूर्ण फिटली होती. दोघांची थोडी राहिली होती. उरलेल्या दोन नावांपुढे भाऊंनी 'मयत' लिहून रेघ मारली होती, रकमेचा उल्लेख पुन्हा कोठे नाही. यांतील एकाही माणसाची वहीत सही नव्हती.

1990 साली केंद्र सरकारच्या योजनेत दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत शेतीकर्जे माफ झाली, तेव्हा माझ्या शाखेच्या याद्या मीच केल्या होत्या. प्रत्येक प्रकरणास सही होती, शिक्का होता, बहुतेकांना जामीनही होता. बँकेचे नियम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. ठेवीदारांचा पैसा नियमांनीच सांभाळावा लागतो आणि मी तो अडतीस वर्षे तसाच सांभाळला. परंतु माणसाची पत पारखण्याचे काम भाऊ माझ्याहून चांगले करीत होते आणि त्याच कामाविषयी मी त्यांना चारचौघांत ऐकवले होते, हे त्या कागदावरील बेरजेने मला दाखविले.

वही घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी पान पाहिले, हातातील पाटल्यांवरून बोटे फिरवली. मी विचारले, "तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"मी सांगणार होते," बाई म्हणाल्या. "त्यांनीच अडवलं. म्हणाले, पोराला कळलं तर तो कुठून तरी वाट काढून पैसे देईल. नवी नोकरी आहे. त्याच्या हातून नियम मोडायला नको."

मी त्यांना नियम ऐकवून परत पाठविले होते आणि ते माझा नियम सांभाळण्यासाठी गप्प राहिले होते.

भाऊंच्या निधनाला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. बाईही राहिल्या नाहीत. ती वही माझ्या कपाटात आहे. आपल्या समाजातील घरोघरी अशी एखादी वही माळ्यावर असेल आणि मुले शहरात, नोकरीत किंवा परदेशात असतील. वाचकांतील तरुणांना एक विनंती करावीशी वाटते. वडील हयात असतील, तर एखाद्या सुट्टीत ती वही त्यांच्या शेजारी बसून उलगडा. कोणते नाव कोणाचे, कोणती बाकी कशी फिटली, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मला ते सर्व अक्षरांवरून लावावे लागले.

आणि संवत्सरीला सर्वांना म्हणतो ते त्यांना जरूर म्हणा. परंतु एखादा दिवस मनात टोचत असेल, तर त्या दिवसाचे नाव घेऊन म्हणा. उपाशी ठेवल्याची क्षमा मी मागितली, ती भाऊंनी हसून दिली. त्यांच्या माणसांना पत नाही असे म्हणालो, त्याची क्षमा मागण्याचे राहून गेले. कारण ती चूक मला ते गेल्यावर कळली.

यंदाची संवत्सरी जवळ आली आहे. ज्या सहकाऱ्यांनी ते बोलणे ऐकले, त्यांच्यापैकी कोणी हे वाचील की नाही, ठाऊक नाही. तरीही जे चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच मागे घ्यावे म्हणून हे लिहिले.

भाऊ, त्या अडतीस कुटुंबांना पत होती. मिच्छामि दुक्कडं.